निळ्या कापडातला धर्मबाप

मोर्न-सीत्रों, जाकमेलच्या वरती
रविवार, ११ फेब्रुवारी १९६८

माझ्या ओदा,

आलं गं बाई, आलं तुझं पत्र! चार वर्षं दोन महिने झाले, मी आशा सोडून दिली होती आणि तेवढ्यात आलं. पोस्टातला तो वाकडा माणूस म्हणाला, "मादाम एर्मान्स, न्यूयॉर्कहून आहे, जड आहे." मी म्हटलं, "जड असणारच, चार वर्षांचं मौन आहे आत." तो हसला नाही. हल्ली पोस्टात कुणी हसत नाही, पण मी मात्र तिथून घरापर्यंत हसत आले. चढावर दोनदा बसले, दोनदा पाकीट उघडलं, दोनदा मिटलं.

आणि बघ, वाचलं कुणी? मी! तू गेलीस तेव्हा मी अंगठा उठवणारी बाई होते. शाळेच्या मेत्र साल्नावांनी आम्हा सहा म्हाताऱ्यांना त्यांच्या आंब्याखाली बसवून अक्षरं शिकवली. पहिल्या दिवशी म्हणाले, "एर्मान्स, हात भाकरी थापल्यासारखा मारू नकोस, पेन्सिल आहे ती." तीन पेन्सिली मोडल्या. आता लिहिते. चुका मोजू नकोस, मोजायला बसलीस तर म्हातारी होशील.

तू विचारलंस, ल्यूमेन कशी आहे. सतरावं लागलं. तुझ्यासारखीच उंच. दात तिच्या बापाचे, फेनेलाँचे, हसली की पुढचा एक आधी दिसतो. अभ्यासात बरी. आता तिला तू तिकडे बोलावणार, कागद करायला लागा म्हणतेस. मी तिला वाचून दाखवलं तर ती अंगणात जाऊन कॉफी वाळत घातली होती ती उलटीपालटी करत बसली. मग आत येऊन म्हणाली, "आजी, तिकडे ती मला ओळखेल का?" मी म्हटलं, "वेडे, गाय वासराला विसरते का?" ती म्हणाली, "गाय वासराला टाकून पण जात नाही." तोंडाळ आहे. तुझीच लेक.

तुझा फोटो! अगं तो कोट आहे की गोधडी? बाजारात सगळ्यांना दाखवला. अनासिल्या म्हणाली, "एर्मान्स, आता पुरे, माझ्या कांद्यांनीसुद्धा तुझी लेक बघितली." ती जळते. तिच्या लेकीनं सान्तो-दोमिंगोहून कधी एक ओळ पाठवली नाही. फोटोत तू जाड दिसतेस, चांगलं आहे. मागे लोक पाट्या धरून उभे आहेत, कसली तरी मिरवणूक असावी. तिथेही संतांच्या मिरवणुका निघतात हे बघून बरं वाटलं.

मेरिल्यूसलाही दाखवला. रागावू नकोस. तू रागावणार हे ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते. तो तुझा धर्मबाप आहे, ओदा. तुला पांढऱ्या झबल्यात त्यानं कडेवर घेतलं होतं, फादरनं पाणी ओतल्यावर तू त्याच्या नव्या सदऱ्यावर ओकलीस. तुझा बाप आणि तो त्या दिवसापासून कोंपे झाले, आणि मी त्याची कोमे. कोंपे! सख्खा भाऊ वाटणीसाठी कोयता काढेल, पण ज्यानं आपलं लेकरू देवासमोर धरलं तो कोंपे हात उचलत नाही. उचलला तर त्याची कबर पाण्यानं भरते, हे सगळ्या डोंगराला ठाऊक आहे. म्हणून मी त्याच्याकडे जाते. दुसऱ्या कुणाकडे जाऊ?

त्यानं फोटो काळ्या चष्म्यातूनच बघितला. मी म्हटलं, "कोंपे, चष्मा काढ की, पोरगी नीट दिसेल." तो म्हणाला, "कोमे, हा चष्मा आता मला नाक असल्यासारखा आहे." मग म्हणाला, "मागे हे कोण?" मी म्हटलं, "मिरवणुकीचे." "कुठल्या संताची?" "तिकडचे संत मला काय ठाऊक?" खूप हसला. म्हणाला, "बायकोला दाखवून आणतो." आठवड्यानं परत दिला. आणि ऐक, तो म्हणाला, ल्यूमेनच्या पासपोर्टचं मी बघतो, माझ्या धर्मलेकीची लेक आहे, माझी नातच झाली.

मी आज तीन मेणबत्त्या लावल्या. तुझा राग गेला, मला आणखी काय हवं?

तुझी आई
एर्मान्स

*

मोर्न-सीत्रों
रविवार, २१ एप्रिल १९६८

ओदा, बाळा,

तुझं दुसरं पत्र परवा मिळालं. "फोटो कुणालाही दाखवू नकोस, जाळून टाक." अगं, आता सांगतेस! आता तो गावातल्या गाढवांनाही पाठ झाला. आणि जाळू कशी? तुझं तोंड आहे त्यावर. मी तो पेटीत तळाशी ठेवलाय, माझ्या मरणाच्या कपड्यांखाली. तिथे कोण हात घालतंय?

कागदांचं सांगते. तुला वाटतं अर्ज दिला की झालं. तू होतीस तेव्हा तसं असेल. आता आधी आमच्या वस्तीच्या प्रमुखाचा कागद लागतो की ही पोरगी चांगल्या घरची आहे. मग खाली गावात कमांडरचा, म्हणजे मेरिल्यूसचा. मग जिल्ह्याच्या साहेबाचा. मग ते पाकीट राजधानीला जातं, थेट राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यात, आणि तिथून कुणीतरी हो म्हणायचं असतं. सैन्याचा कॅप्टनही आहे गावात, पगारी, बूट चकाचक, पण तो यात पडत नाही. रस्त्यात मेरिल्यूस दिसला तर कॅप्टनच पलीकडच्या बाजूला जातो. का, ते पहिल्यापासून सांगते, अर्धं तू बघितलंयस, तरी आमचा कोंपे किती मोठा झालाय ते कळेल.

आठवतं का, तो कॉफीवाल्या सान्फ्लूरांची खेचरं हाकायचा? पायात काही नसायचं. मग डॉक्टरसाहेब राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. पहिल्या दोन वर्षांत रात्रीचे लोक येत, तोंडावर कापड, डोळ्यांना भोकं, तेव्हा ल्यूमेन लहान होती, तुला आठवत असेल. मग वरून हुकूम आला की तोंडं झाकू नका, आता तुम्ही सरकारचे. तोंडं उघडली तर काय, सगळे आपलेच! मिस्सेला घंटा वाजवणारा सेवेर. लॉटरी विकणारा लंगडा. देवऋषी दोर्सेंव्हिल, ज्याच्याकडे आपण ताप उतरवायला जायचो. आणि मेरिल्यूस. डॉक्टरसाहेबांनी त्यांना शेताच्या देवाचाच वेष दिला, निळं जाडं कापड, लाल रुमाल, गवताची टोपी. आम्ही बायका आधी बावचळलो. झाकादेव उत्सवात येतो तेव्हा तोच वेष घालून नाचतो ना, त्याला पाया पडायची सवय. आता तोच वेष बाजारात उभा राहून माझं कोंबडं मागतो. पाया पडायचं की पळायचं?

पगार नाही त्यांना. एक बंदूक, जुनी, कुठल्यातरी लढाईतली. एक कार्ड, त्यावर डॉक्टरसाहेबांची सही छापलेली. पोटाचं ज्याचं त्यानं बघायचं. म्हणून बाजाराच्या दिवशी ते बघतात. सेवेर वजनकाट्यापाशी उभा राहतो, लंगडा गाडीतळावर, दोर्सेंव्हिलला तर लोक घरी आणून देतात. कुणाला बकरी हवी, कुणाला शेजाऱ्याचा ओढ्याकाठचा तुकडा. आणि गंमत बघ, मेरिल्यूस सेवेरवर नजर ठेवतो, सेवेर लंगड्यावर, आणि लंगडा, लोक म्हणतात, महिन्यातून एकदा राजधानीला पत्र टाकतो, मेरिल्यूसवर. म्हणून कुणीच झोपत नाही नीट. मी मेरिल्यूसला म्हटलं, "कोंपे, तू बारीक झालास." तो म्हणाला, "कोमे, खेचरं बरी होती. खेचर मागून बोलत नाही."

तर त्याची युक्ती ऐक. तो म्हणाला, आमच्यात बायकांची तुकडी काढतायत, कार्डवाल्या मुलीचा कागद वाड्यात अडत नाही. ल्यूमेनचं नाव घालतो, दोन-तीन महिने परेड करेल, मग पासपोर्ट हातात. मी विचार केला. खरंच केला, ओदा, दोन रविवार केला. मेत्र साल्नावांना विचारलं. त्यांनी आपला चष्मा पुसला, पुसतच राहिले. म्हणाले, "एर्मान्स, मी तुला अक्षरं शिकवली, आता हेही शिकवायचं का?" मला ते बोलणं लागलं. शिकलेल्या माणसाला वाटतं, सगळं मोठ्या रस्त्यानं जावं. आम्ही गरीब, आम्ही आडवाटेनंच जातो.

मी तिचा कपडा स्वतः शिवला. खिसे चार. कापड इतकं जाड की सुई तुटली, अनासिल्याची मागून आणली. घालून आरशासमोर उभी राहिली तर मला वाटलं, बाई, ही कोणाची? हसलीसुद्धा. चार वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

मीठ घालून कॉफी पिते आता, दात दुखतो. बाकी आनंद.

तुझी आई

*

मोर्न-सीत्रों
रविवार, २६ मे १९६८

ओदा,

हे पत्र जपून वाच. जपून म्हणजे हळू. आठवडा फार गडबडीचा गेला. सोमवारी राजधानीवर विमानातून काहीतरी टाकलं म्हणे, तुमच्याकडच्या लोकांनी. तुमच्याकडच्या म्हणजे तू नाहीस, मला ठाऊक आहे. पण मेरिल्यूस म्हणाला, "कोमे, आता बाहेर ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांच्या घरांवर खडूनं खूण होतेय." आपल्या दारावर नाही झाली. का नाही? कारण आत निळा कपडा टांगलाय. बघितलंस? मी मूर्ख नाही.

बावीस तारखेला सणाचे ट्रक आले. सगळ्या डोंगराला नेलं राजधानीला, नाचायला. एका ट्रकात ऐंशी माणसं. खारवलेला मासा, पाव आणि रमची बाटली दिली, येताना काहीच दिलं नाही, अनासिल्या अठ्ठावीस मैल चालत आली. ल्यूमेन आमच्या ट्रकात नव्हती, ती कमांडरच्या जीपमध्ये पुढे, बंदूक मांडीवर. मी हात केला. तिनं केला नाही. बरोबरच आहे, कामावर होती.

सुधारली आहे पोरगी. तुला काय सांगू, बाजारात आम्ही गेलो की लोक बाजूला होतात. पूर्वी मला मिरच्यांसाठी घसा फोडावा लागायचा. परवा ती एकटीच गेली आणि दोन कोंबड्या घेऊन आली. मी म्हटलं, "कितीला?" ती म्हणाली, "दिल्या." मी म्हटलं, "कुणी?" "आजी, दिल्या म्हटलं ना." अनासिल्याच्या कोंबड्या होत्या, एकीच्या पायाला तिचीच लाल चिंधी. मी चिंधी सोडून फेकली. रस्सा केला. चांगला झाला होता. मला गेला नाही, दाताचं निमित्त झालं.

अनासिल्या आता मला 'एर्मान्स' म्हणत नाही, 'मादाम' म्हणते.

मेत्र साल्नावांच्या घराला कुलूप आहे. लोक म्हणतात, ते लेओगानला भावाकडे गेले. मीही तेच म्हणते. त्यांचा रेडिओ अंगणात पडलाय, आंब्याखाली, वायरी बाहेर.

पासपोर्टचं विचारलं तर मेरिल्यूस म्हणतो, घाई काय. मी ल्यूमेनला म्हटलं, तू विचार, तू रोज त्याच्यासोबत असतेस. ती म्हणाली, "मला नको." "काय नको?" "पासपोर्ट नको. तिकडे मी कोण? इथे मला सगळे ओळखतात." मी म्हटलं, "आई आहे तिकडे." तर काय म्हणाली माहितीये? म्हणाली, "धर्मआजोबा म्हणतात, माझी आई मला टाकून गेली आणि आता वाड्यावर विमानं पाठवते." मी तिच्या तोंडात मारली. लहानपणापासून दुसऱ्यांदा. ती रडली नाही. तिनं माझा हात धरला, पिळला नाही, नुसता धरला, आणि म्हणाली, "आजी, वर्दीतल्या माणसावर हात उचलला की काय होतं, हे मी तुला सांगू का?" आणि सोडला. मग आम्ही दोघींनी केळी सोलली.

तू लिहिलंस की कागद होत नसतील तर मीच येते तिला न्यायला. थांब. थांब जरा. मी मेरिल्यूसशी बोलते. मला वेळ दे.

आई

*

मोर्न-सीत्रों
मंगळवार, २ जुलै १९६८

प्रिय कन्या ओदानीस हिस,

मी मजेत आहे. तुझी मुलगी ल्यूमेन मजेत आहे. स्वयंसेवक दलाच्या कृपेने गावात शांतता आहे. तुझा धर्मबाप कमांडर मेरिल्यूस तुला आशीर्वाद पाठवतो आणि मागचं सगळं विसरलं असं सांगतो.

२९ जुलैला दलाचा मोठा दिवस आहे. राजधानीत वाड्यासमोर संचलन होईल. आपली ल्यूमेन झेंडा धरणार आहे. त्याच दिवशी तिचा पासपोर्ट मिळेल, पण तो आईच्याच हातात देण्याचा नियम आहे. म्हणून तू ये. तुला कसलाही त्रास होणार नाही. विमानतळावर तुला घ्यायला आम्ही सगळे येऊ. तुझ्या धर्मबापानं जबाबदारी घेतली आहे.

तू आलीस तर तुझ्या म्हाताऱ्या आईला फार आनंद होईल.

एर्मान्स

*

गुरुवार, १८ जुलै १९६८

ओदा, दोन तारखेचं पत्र खोटं आहे. येऊ नकोस.

सगळ्यात आधी हेच लिहिलं, म्हणजे कागद फाटला, भिजला, तरी एवढं पोचेल. येऊ नकोस. पासपोर्ट नाही. कधीच नव्हता. आता बाकीचं सांगते.

ते पत्र मी माझ्याच टेबलावर लिहिलं, मेरिल्यूस समोर बसून माझी कॉफी पीत होता. ल्यूमेन दारात उभी. तो शब्द सांगत होता आणि मी लिहीत होते. 'कृपेने' लिहिताना अडले तर ल्यूमेननं वाकून दुरुस्त केलं. मेरिल्यूस म्हणाला, "कोमे, तुझं अक्षर सुंदर झालंय गं." आणि मला, मेलीला, क्षणभर बरं वाटलं. म्हणून तुला सांगते, ओदा, माझ्यासारख्या बाईला पकडायला दोरी लागत नाही. कुणी गोड बोललं की झालं.

मी त्याला म्हटलं, "कोंपे, तू तिला पाण्यावर धरलंयस. तुझी कबर पाण्यानं भरेल." त्यानं चष्मा काढला. पहिल्यांदाच काढला इतक्या वर्षांत. डोळे लाल, सुजलेले, म्हाताऱ्या खेचरासारखे. म्हणाला, "कोमे, लंगड्यानं वाड्यात लिहिलंय की फोटोतल्या बाईचा धर्मबाप मी आहे. न्यूयॉर्कमध्ये आपल्या वकिलातीसमोर पाट्या धरून उभी राहते ती, आणि मी तिचा धर्मबाप. तिला मी आणली नाही, तर मला नेतील. माझी कबर? आम्हाला कबर मिळत नाही, बाई." आणि चष्मा घातला. तो खोटं बोलत नव्हता. तेच तर वाईट आहे. त्याच्याही मानेवर कुणीतरी बसलंय, आणि त्याच्या मानेवर आणखी कुणी, थेट वरपर्यंत, आणि सगळ्यात खाली मी फोटो मिरवत बाजारभर हिंडले.

आता दुसरं. हे तू मला चार वर्षं विचारत होतीस, पत्र न लिहून विचारत होतीस. फेनेलाँ माझ्या मावसभावाच्या चुन्याच्या भट्टीत लपलाय हे तीन माणसांना ठाऊक होतं. फेनेलाँनं ट्रकमध्ये पोत्यांखाली लपवून सरकारला हवा असलेला एक माणूस सरहद्दीपर्यंत नेला होता, एवढाच त्याचा गुन्हा. मी मेरिल्यूसला सांगितलं. मीच. पैशासाठी नाही, भीतीनंही नाही. मला वाटलं, आपला कोंपे आहे, गस्त कधी निघते ते त्याला कळतं, तो भट्टीवर आधी निरोप पाठवेल. त्यानं पाठवला. दुपारी बारा वाजता, निळ्या कपड्यातल्या सहा जणांच्या हाती पाठवला. मी बाजारात होते, ते त्याला माझ्यासमोरून घेऊन गेले. फेनेलाँनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, 'आई, तुम्ही मला ओळखत नाही' अशी. मला वाचवत होता तो. आणि मी ओळख दाखवली नाही. मिरच्यांचा ढीग लावत राहिले.

नंतर मी स्वतःला सांगितलं की त्याच्या हाताखालच्यांनी केलं, त्याला कळलंच नसेल. नाहीतर मी कुणाच्या आधारावर जगले असते? पोर बारा वर्षांची होती.

मेत्र साल्नाव लेओगानला गेले नाहीत. ल्यूमेननं सांगितलं की ते पहाटे बाहेरच्या देशाचा रेडिओ ऐकतात. लहानपणी ती त्यांच्याकडे शिकायला जायची ना, तेव्हा तिनं ऐकलं होतं. मी तिला विचारलं, "का गं?" ती म्हणाली, "प्रत्येकीला एक नाव द्यायला लागतं, आजी. मी तुझं देणार होते का? म्हणून त्यांचं दिलं." माझं नाव नको म्हणून. ऐक, ओदा, पोरगी अजून माझ्यावर माया करते. हे मी आनंदानं लिहावं की काय करावं, मला कळत नाही. ती तो कपडा धुते, इस्त्री करते, बाह्या दुमडते. लहान पोरं तिला बघून आयांच्या घागऱ्यात तोंड लपवतात. आम्ही तुला लहानपणी घाबरवायचो तसं, जेवली नाहीस तर झोळीवाला काका येईल, टोंटों-माकूट येईल, गवताच्या झोळीत घालून नेईल. तो कुणी कधी बघितला नव्हता. आता माझ्या घरात राहतो, माझ्या हातचं जेवतो, आणि झोपेत अजून अंगठा तोंडाकडे नेतो.

तिला मी सांगितलं, "ल्यूमेन, ती येईल, तिला पकडतील, तुझ्यासमोर." ती म्हणाली, "नुसतं विचारायला बोलावलंय." मी म्हटलं, "तुझ्या बापालाही विचारायलाच नेलं होतं." ती बराच वेळ बंदुकीचा पट्टा सरळ करत बसली. मग म्हणाली, "मग तिनं मला टाकून जायला नको होतं." बस्स. एवढं बोलून परेडला गेली. मी पोरीला वाढवलं, रोज तुझी आठवण सांगितली, तू का गेलीस ते मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भट्टीचं सांगावं लागलं असतं. मी माझी लाज झाकली, आणि पोरीला वाटलं तिचीच काही चूक असेल. मग कुणीतरी येऊन सांगितलं की चूक तुझी नाही, आईची आहे, आणि वर चार खिशांचा कपडा दिला.

तिला सोड. मी तुझ्या लेकीबद्दल हे लिहितेय. पण सोड. ती आता निघणार नाही, आणि निघाली तरी तिला कुणी निघू देणार नाही. तू आलीस तर दोघीही जाल. एक तरी राहा.

हे पत्र पोस्टात नाही. जाकमेलचा क्लेर्जिन होडीतून बहामाला माणसं नेतो, तो आज संध्याकाळी निघतोय. मी त्याला माझ्या लग्नाची अंगठी देऊ केली, त्यानं परत केली, म्हणाला, "मादाम, तुमचा जावई माझा मित्र होता." बघ, अशीही माणसं आहेत, म्हणून जास्तच रडू येतं. तो तिथल्या नासाऊच्या पोस्टातून टाकेल. वारा चांगला असला तर दहा दिवस, मग पुढे विमानानं. आज अठरा आहे. बोटांवर मोजू नकोस, मी मोजलंय.

एकोणतीसला आम्हाला ट्रकमधून विमानतळावर नेणार आहेत. मला नवा घागरा आलाय, पिवळा. मेरिल्यूसनं सांगितलंय, विमानाचं दार उघडलं की हात हलवायचा आणि हसायचं. मी हसेन. मला ते सोपं जातं, सगळ्यांना ठाऊक आहे.

आता माझी सगळी आशा एकाच गोष्टीवर आहे, ओदा. मागच्या वेळी तुझा राग गेला म्हणून मी मेणबत्त्या लावल्या, गावभर नाचले. तो गेला नसू दे. दोन तारखेचं पत्र वाचून तुझ्या मनात यावं, ही बाई, हिनंच फेनेलाँला दिलं, हिच्या दारात मी पाय ठेवणार नाही, मग माझी लेक तिथे असली तरी. तिकीट फाडून टाक. माझ्या नावानं बोटं मोड. शेजारणीला सांग माझी आई कशी आहे ते, आणि सांगता सांगता विमानाची वेळ जाऊ दे.

तुझ्याकडे माझ्याविषयी जेवढा राग शिल्लक आहे, तेवढा सगळा आता काढ, आणि तिथेच बस.

आई